श्रीलंकेला जायचा महिना ठरवताना या चुका टाळा

समुद्रात डुंबायचं म्हणून डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला किंवा जूनमध्ये नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या हिक्कडुवाला खोली घेणं ही श्रीलंकेच्या सहलीतली सर्वांत महागात पडणारी चूक. दोन्ही गावं एकाच बेटावर, रस्त्याने एका दिवसाच्या अंतरावर. पण त्यांचे पावसाळे वेगळे.

मे ते सप्टेंबर वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि कोलंबो, गॉल, रत्नपुरा, नुवारा एलिया या बाजूला पाऊस पाडतात. मधला डोंगराळ भाग त्यांना अडवतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर भिजतं आणि वाई कोरडी राहते, तसंच इथेही होतं. पूर्व किनारा त्या काळात पर्जन्यछायेत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच चित्र उलटतं: वारे ईशान्येकडून येतात, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना भिजतात आणि दक्षिण-पश्चिम किनारा उघडतो. म्हणून ‘श्रीलंकेचा सीझन डिसेंबर ते मार्च’ हे पाठ केलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. मिरिसा, उनावटुना, बेन्टोटासाठी ते बरोबर. पूर्वेकडच्या निलावेली, पासिकुडा आणि अरुगम बेसाठी मे ते सप्टेंबर धरावा.

यावर कुणी तोडगा काढतं, की पाच दिवसांत दोन्ही किनारे करू. हे करू नका. कोलंबो ते त्रिंकोमाली सुमारे 260 किलोमीटर आहे आणि त्याला सहा-सात तास लागतात. रस्ते अरुंद, गावं लागून लागून. शिवाय बहुतेक महिन्यांत दोनांपैकी एक किनारा खवळलेला असण्याचीच शक्यता जास्त. एक किनारा निवडा आणि उरलेले दिवस मधल्या भागाला द्या.

‘कोरडा विभाग’ म्हणजे कोरडा नव्हे

वर्षाला 2500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तो ओला विभाग, 1750 हून कमी पडतो तो कोरडा. हे वर्गीकरण शेतीला उपयोगी आहे, पण प्रवाशाची त्याने दिशाभूल होते. कोरड्या विभागातला बराचसा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या मोजक्या महिन्यांत कोसळतो. अनुराधापुरा, पोलोन्नारुवा, सिगिरिया ही प्राचीन ठिकाणं ‘कोरड्यात आहेत’ म्हणून नोव्हेंबरात गेलात तर ओल्या, निसरड्या पायऱ्या आणि तुडुंब तलाव भेटतील. या भागाला फेब्रुवारी-मार्च किंवा जून ते सप्टेंबर बरा. मात्र ऊन कडक असतं. सिगिरियाचा सुमारे 200 मीटरचा खडक फाटक उघडताच चढायला घ्या, दहानंतर उघड्या लोखंडी जिन्यांवर सावली मिळत नाही. पूर्व किनाऱ्यावर जून-जुलैत डोंगर उतरून येणारा गरम, कोरडा वाराही वाहतो. तिथले लोक त्याला कच्चान म्हणतात. समुद्र शांत असला तरी दुपारी बाहेर फिरणं तो नकोसं करतो.

डोंगराळ भाग एकच समजणं

नुवारा एलिया आणि एल्ला यांत रस्त्याने जेमतेम 55 किलोमीटर आहेत, पण ते डोंगरधारेच्या दोन बाजूंना. जुलैत नुवारा एलिया धुक्यात आणि रिपरिपीत असताना एल्लाला निळं आभाळ असू शकतं. चहाच्या मळ्यांना हे नेमकं ठाऊक आहे: पश्चिम उतारावरच्या दिंबुलाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चमध्ये होतो, पूर्वेकडच्या उवाचा जुलै ते सप्टेंबरमध्ये. दोन्ही वेळी कोरडं वारं लागतं. जिथे उत्तम चहा खुडला जातोय तिथे हवा स्वच्छ, हा आडाखा क्वचितच चुकतो.

कपड्यांची चूकही इथलीच. समुद्रसपाटीला 27-28 अंश सरासरी असली तरी 1868 मीटरवरच्या नुवारा एलियाला रात्री 10 अंश नेहमीचेच, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कधी गवतावर हिमकण दिसतात. स्वेटर, वारा अडवणारं जाकीट आणि पायमोजे हवेतच. हॉर्टन प्लेन्सच्या उंच पठारावर नऊ-दहानंतर ढग चढतात आणि ‘वर्ल्ड्स एंड’च्या कड्यावरून पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही, पहाटे निघावं लागतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोकळा काळ धरणं

आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, म्हणून मराठी प्रवासी दिवाळीची सुट्टी तिथे नेतात. श्रीलंकेत हाच जवळजवळ अख्ख्या बेटावरचा पावसाचा काळ. दुपारी गडगडाटी सरी येतात आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने मध्य डोंगराळ भागात पूर आणि दरडींनी अतोनात हानी केली. जाणं टळत नसेल तर डोंगरात एक मोकळा दिवस राखा, प्रवास दुपारपूर्वी उरका आणि राष्ट्रीय इमारत संशोधन संस्थेचे दरडींचे इशारे बघा: पिवळा म्हणजे सावध राहा, अंबर म्हणजे हलायची तयारी ठेवा, लाल म्हणजे जागा सोडा. दरड आली की कँडी–बदुल्ला रेल्वेमार्ग बंद होतो, म्हणून त्या गाडीच्या दुसऱ्याच दिवशी परतीचं विमान नको.

एप्रिलची गोष्ट वेगळी. 5 ते 15 तारखांच्या आसपास सूर्य बेटाच्या थेट डोक्यावर असतो, दुपारनंतर वळवाच्या सरी येतात, आणि 13-14 एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला दुकानं, उपाहारगृहं बंद असतात. नुवारा एलिया मात्र गर्दीने फुलतं. त्या आठवड्याची खोली आधी ठरलेली असावी.

फोनवरचा ढग बघून घाबरणं

दहाही दिवसांवर पावसाचं चित्र दिसलं म्हणजे दहाही दिवस वाया, असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये सर बहुधा दुपारी दोननंतर तासभर येते. ताशी अंदाज उघडा, श्रीलंकेच्या हवामान खात्याचं प्रांतवार पत्रक वाचा, आणि समुद्रासाठी पावसापेक्षा लाटांची उंची व वाऱ्याचा वेग पाहा. मे ते सप्टेंबर दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर आभाळ निरभ्र असूनही पाण्यात आत ओढणारे प्रवाह असतात. लाल बावटा असताना गुडघाभर पाण्यातही उतरू नका.

ठरावीक महिन्यांतच मिळणाऱ्या गोष्टी

श्रीपाद (अ‍ॅडम्स पीक) या पवित्र शिखराची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वेसाक (बुद्ध) पौर्णिमेपर्यंत. त्याबाहेर पायऱ्यांवरचे दिवे आणि चहाच्या टपऱ्या नसतात, रात्रीची चढाई अंधारात आणि पावसात होते. देवमासे मिरिसाला डिसेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीला मे ते सप्टेंबर. मिन्नेरिया अभयारण्यातले हत्तींचे कळप ऑगस्ट-सप्टेंबरात तलाव आटला आणि काठी गवत उगवलं तर जमतात. पाणी जास्त असेल तर जीपवाल्याला शेजारच्या कौडुल्लाबद्दल विचारा. पौर्णिमेच्या दिवशी देशभर सुट्टी आणि मद्यविक्री बंद. कँडीचा एसला पेराहेरा हा मिरवणुकांचा उत्सव जुलै-ऑगस्टमध्ये असतो, तेव्हा खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात.

तारखा आधीच चुकल्या असतील तर

मे ते सप्टेंबरात दक्षिण किनाऱ्याचं आरक्षण असेल तर ते दोन रात्रींवर आणा, गॉलचा किल्ला पाहा आणि उरलेले दिवस एल्ला किंवा अरुगम बेला वळवा. डिसेंबर-जानेवारीत पूर्व किनारा घेतला असेल तर रद्द करण्याची मुदत तपासून मिरिसा-वेलिगामाकडे सरका. विमान सुटत नसेल आणि महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल, तर समुद्र सोडा. कोलंबो, कँडी आणि सिगिरियाचा परिसर ठेवा, रोज एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी.