खाडीच्या गाळातून फोरॅमिनिफेरा कसे वेगळे करावेत

ठाणे-नवी मुंबईच्या डोंगरांत सागरी जीवाश्म शोधत बसू नये, कारण ते डोंगर लाव्हा थिजून झालेल्या बेसाल्टचे आहेत. सरावाचे साहित्य ठाणे खाडीच्या चिखलात मिळते. तेथील फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव असून त्यांपैकी बहुतेकांची कॅल्साइटची कवचे मृत्यूनंतर गाळात टिकून राहतात. खाडीचा बराच भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, त्यामुळे नमुना घेण्यापूर्वी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्यावी.

ओहोटीच्या वेळी वरचा एक सेंटीमीटर गाळ चमच्याने खरवडून घ्यावा आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. ओलाव्यात शाई पसरते.

धुण्याच्या कामात मात्र घाई नको. गाळ रात्रभर पाण्यात भिजवून 63 मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या मंद धारेखाली, खाली उतरणारे पाणी नितळ होईपर्यंत धुवावा. बोटांनी चोळल्यास नाजूक कप्पे फुटतात आणि पुढची मोजणी बिघडते. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवावी, म्हणजे जाळीत अडकलेले जुने कवच पुढच्या नमुन्यात आले तरी निळ्या रंगामुळे ओळखू येते. ही सवय मला फार मोलाची वाटते. आम्लाने कॅल्साइट विरघळते, त्यामुळे आम्ल जवळही आणू नये.

वाळलेला अवशेष काळ्या तबकात पसरून द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गोगलगाईसारखे वेटोळे आणि वेटोळ्यात वाढत जाणारे कप्पे दिसले, तर ते बहुधा अमोनिया (वायू नव्हे, या नावाची फोरॅमिनिफेराची प्रजाती) असते. ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलावे आणि साधारण तीनशे कवचे जातीनुसार मोजावीत.

खाडीतील कवचांवरून थेट तापमान काढू नये. कवचातील ऑक्सिजन-18चे (ऑक्सिजनच्या जड प्रकाराचे) प्रमाण पाणी थंड झाल्यावर वाढते, परंतु पावसाळ्यात खाडीत येणाऱ्या गोड्या पाण्यानेही ते बदलते. हवामानाच्या इतिहासासाठी खोल समुद्रातील गाळाचा उभा नमुना लागतो. अरबी समुद्राच्या पश्चिम भागातील अशा नमुन्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या तरंगत्या फोरॅमिनिफेराचे प्रमाण वाढलेले दिसले, तर नैऋत्य मोसमी वारे त्या काळी जोरकस होते असे मानतात, कारण त्या वाऱ्यांमुळे खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि ही जात तेथे फोफावते.

उत्क्रांती पाहण्यासाठी हीच मोजणी थराथराने करावी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे डायनासोर नष्ट झाले त्या काळच्या थराच्या सीमेखाली मोठी, नक्षीदार तरंगती फोरॅमिनिफेरा सापडतात, तर लगेच वर मोजक्याच लहान, साध्या जाती उरतात. आपल्या पायाखालचा बेसाल्ट साधारण त्याच काळातला आहे.