डॅशबोर्ड गेले, पण पॅनेल रिकामे

जुन्या सर्व्हरवरचे ग्राफानाचे (आकड्यांचे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) 17 डॅशबोर्ड, म्हणजे आलेखांची पानं, क्लाउडवर न्यायचे होते. एकेक हाताने इम्पोर्ट करायचा कंटाळा, म्हणून कर्ल या कमांडने ग्राफानाच्या एपीआयमधून (प्रोग्रामसाठीचं दार) प्रत्येकाचं जेसन, म्हणजे डॅशबोर्डची मजकुरी फाइल, उतरवून घेतलं आणि लूप लावून नव्या ठिकाणी पाठवलं. प्रत्येक फाइलला एकच उत्तर: 404, डॅशबोर्ड सापडला नाही. अरे, नवाच तर बनवायचाय, सापडेल कुठून!

अर्धा तास टोकनवर (एपीआयच्या परवानगीची किल्ली) संशय घेण्यात गेला. खरी भानगड जेसनमध्येच होती. उतरवलेल्या फाइलमध्ये जुना अंकी आयडी तसाच होता. आयडी दिसला की सर्व्हर असलेला डॅशबोर्ड बदलायला जातो. जेक्यू या जेसन बदलणाऱ्या टूलने आयडी नल (रिकामा) केला. यूआयडी, म्हणजे लिंकमध्ये दिसणारी डॅशबोर्डची ओळख, मात्र ठेवला, म्हणजे जुन्या लिंकमधला तो भाग बदलत नाही. सोबत ओव्हरराइट ट्रू (आधीचा असेल तर त्यावरच लिही) टाकलं, दुसऱ्यांदा चालवलं तरी अडायला नको.

सगळे गेले. उघडून बघतो तर पॅनेल, म्हणजे एकेका आलेखाचे चौकोन, रिकामे! प्रत्येक पॅनेल जुन्या डेटासोर्सचा (जिथून आकडे येतात त्याचा) यूआयडी धरून बसलेलं. नव्या प्रोमेथियसचा (आकडे साठवणारा डेटासोर्स) यूआयडी घेऊन सेड या शोधून बदलणाऱ्या कमांडने सगळ्या फायलींत बदलला, लूप पुन्हा चालवला आणि आलेख उमटले. एका डॅशबोर्डात डेटासोर्स पक्का न लिहिता व्हेरिएबलमध्ये (बदलता येणाऱ्या नावात) होता. त्याला हात लावावाच लागला नाही. बाकीचेही आता तसेच करून घेतोय.