गाडीचा बिघाड ओळखायला शिकताना: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

गाडी मिसिंग करतेय (इंजिन अधूनमधून झटके खातंय) म्हटलं की नवशिका आधी ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बदलतो. फरक पडला नाही की प्लगला वीज देणारी कॉइल, मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पेट्रोलचा पंप. हजारो रुपये गेल्यावर लक्षात येतं की इनटेकचा (इंजिनात हवा नेणारा) एक रबरी पाईप चिरला होता. तपासायला दहा मिनिटं पुरली असती. आयटीआयला 'मेकॅनिक मोटर व्हेइकल'चा दोन वर्षांचा कोर्स करणारी मुलं असोत की स्वतःच्या गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडणारा मालक, दोघांनाही आमचं सांगणं एकच: आधी मोजा, मग खोला, आणि पार्ट सगळ्यात शेवटी विकत घ्या. इथे लिहिलंय ते फ्युएल इंजेक्शनच्या छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे. डिझेलची हाय प्रेशर लाइन हा वेगळा विषय आहे, नवख्याने तिला हात लावू नये.

हत्यारं थोडी पण चांगली घ्या. ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे सॉकेट, आत रबर किंवा मॅग्नेट असलेला प्लग सॉकेट, डिजिटल मल्टिमीटर, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने घट्ट करणारा पाना), हातमोजे, टॉर्च आणि दोन जॅक स्टँड. गाडीबरोबर मिळालेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि वजन जॅक स्टँडवर. याशिवाय एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लागतो. त्याचं १६ पिनचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. भारतात २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत ओबीडी-२ असतंच, त्यामुळे बहुतेक गाड्यांवर तो चालतो.

बॉनेट उघडण्याआधी मालकाला प्रश्न विचारा, किंवा स्वतःची गाडी असेल तर स्वतःला. त्रास थंड इंजिनला होतो की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर वाढतो का? सीएनजीवर होतो, पेट्रोलवर होतो, की दोन्हीवर? पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर सुरू झाला का? आणि याआधी गाडीचं शेवटचं काम काय झालं होतं? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांत सुरू झालेला बिघाड बहुतेक वेळा नीट न बसलेल्या कनेक्टरमुळे, सैल राहिलेल्या क्लिपमुळे किंवा एअर फिल्टरच्या उघड्या झाकणामुळे असतो.

गाडी सुरूच होत नाही

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं, त्यावर पुढची वाट ठरते. कट-कट-कट असा आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच 'टक' आणि दिवे तेवढेच प्रखर राहत असतील तर संशय स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर, म्हणजेच सेल्फ) किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (त्याला करंट जोडणाऱ्या स्विचवर). सेल्फ नीट फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर प्रश्न पेट्रोलचा, स्पार्कचा किंवा इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा). चावीचं चिन्ह डॅशवर लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावून पाहा.

बॅटरीचं व्होल्टेज गाडी किमान तीन-चार तास उभी असताना मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की उतरलीच समजा. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. सेल्फ मारताना मीटर लावून ठेवा, आकडा ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरीत दम राहिलेला नाही, मग उभ्या गाडीत ती १२.५ दाखवत असली तरी. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा बेल्ट बघा, नवी बॅटरी टाकली तरी ती आठवड्यात उतरेल. स्मार्ट हायब्रिड (इंजिनाला छोट्या मोटरची मदत असलेल्या) गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा खाली दिसला म्हणून लगेच अल्टरनेटर खोलू नका.

एक तपासणी गॅरेजमध्येही फार कमी जण करतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची केबल (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) गंजली आहे. कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे हमखास होतं, आणि बिचाऱ्या चांगल्या बॅटऱ्या त्यापायी बदलल्या जातात.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड साफ करायला खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रश मारा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडू नये, म्हणून हा क्रम. नंतर व्हॅसलिनचा पातळ हात द्या. जंप स्टार्ट करताना लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं उरलेलं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटू शकतो, म्हणून शेवटची ठिणगी बॅटरीपासून लांब पडायला हवी.

सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही तेव्हा इग्निशन ऑन करून कान मागच्या सीटकडे द्या. पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला करंट देणारा स्विच). त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तात्पुरता तिथे लावून पाहा. पंप सुरू झाला तर काम रिलेच्या किमतीत भागलं.

मिसिंग, थरथर आणि पिकअप जाणं

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी सावकाश घरापर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतंय. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, गाडी बाजूला घ्या. कन्व्हर्टर कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो.

स्कॅनर लावल्यावर कोड लिहून घ्या आणि मगच पुसा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं), पी०३०२ दुसऱ्यात, पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त किंवा कुठेही. कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. कारण शोधायला अदलाबदल करा. इंजिन थंड असताना चावी काढून पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही जागचा हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

प्लग काढण्याआधी त्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर साचलेली माती थेट सिलिंडरमध्ये पडते. खड्ड्यात ऑइल साचलेलं दिसलं तर रॉकर कव्हरचं सील गेलंय. नुसती कॉइल बदलून ती पुन्हा जाईल. प्लगचं टोक फिकट तपकिरी-करडं असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं काळं म्हणजे ऑइल जळतंय, पांढरं आणि फोड आल्यासारखं म्हणजे तापमान जास्त. गॅप मॅन्युअलमध्ये बघा. बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा, पान्याने नाही. इंजिनचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं असतं आणि तिरका गेलेला प्लग त्याचे आटे कापतो.

सीएनजीच्या गाडीत तर निदानाचं साधन फुकट मिळतं. त्रास दोन्ही इंधनांवर होत असेल तर कॉइल, प्लग किंवा हवेची गळती. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर किंवा पंप. फक्त गॅसवर होत असेल तरी आधी प्लगच बघा. गॅस पेटवायला स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर सोडून देतो. म्हणूनच या गाड्यांचे प्लग लवकर बदलावे लागतात.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. इथे फ्युएल ट्रिम हा आकडा बघायला शिका. संगणक किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते तो सांगतो. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर काळजी नाही. इंजिन सुरू ठेवून उभ्या गाडीत तो +२० दाखवतोय आणि २,५०० आरपीएमला खाली येतोय, तर इनटेकमध्ये कुठेतरी बाहेरची हवा शिरतेय. फट तेवढीच राहते, पण वेग वाढल्यावर आत जाणाऱ्या एकूण हवेत तिचा वाटा नगण्य होतो. उलट उभ्या गाडीत ठीक आणि चढावर वाढत असेल, तर पंप किंवा फिल्टर पुरेसं पेट्रोल देत नाही. गाडी चांगली चालत असतानाच हे आकडे, आयडलिंगचा आरपीएम आणि गरम इंजिनचं तापमान वहीत लिहून ठेवा. बिघाड झाल्यावर तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.

पावसाळ्यात उंदीर विसरू नका. इंजिनची ऊब शोधत ते येतात आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. एअर फिल्टरच्या डब्यात कागदाचे तुकडे किंवा धान्याची टरफलं दिसली की स्कॅनर बाजूला ठेवून आधी हार्नेस (वायरींचा जुडगा) डोळ्यांनी तपासा.

इंजिन गरम होणं

कुठे गरम होतं हे ओळखा. सिग्नलला काटा चढतो आणि हायवेवर उतरतो, तर रेडिएटरचा फॅन. इंजिन सुरू करून एसी लावा, फॅन फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा. हायवेवर किंवा कसारा, खंबाटकीसारख्या घाटात गरम होत असेल तर चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा वॉटर पंप. कित्येक छोट्या गाड्यांत काटा नसतोच, थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल दिवा असतो. लाल दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गाडी बाजूला आणि इंजिन बंद.

झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण उघडताच ते तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. बोअरचं जड पाणी घातलं तर क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच त्रास परत येतो. कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेल्याची शक्यता आहे. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसला म्हणून हेड उतरवायला घेऊ नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो साध्या ओलाव्यानेही जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका.

ऑइल बदलणं

हे पहिलं काम म्हणून चांगलं. इंजिन कोमट असू द्या, उकळतं नको. ड्रेन नट काढा, ऑइल पूर्ण थेंबावर येऊ द्या, वॉशर नवा टाका. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते बोटाने चाचपून बघा. त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबरांमधून सगळं ऑइल मिनिटभरात बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचा हात लावा, टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून पुढे हाताने पाऊण फेरी. ग्रेड (ऑइलचा जाड-पातळपणा) मॅन्युअलमधलाच घ्या. ०डब्ल्यू-२० लिहिलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं तर थंड सकाळी ते वर पोहोचायला वेळ लागतो. छोट्या गाड्यांत तीन ते चार लिटर बसतं. अर्धा लिटर हातचं राखून ओता आणि डिपस्टिक बघत पूर्ण करा. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. तिथून ते पुनर्प्रक्रियेला जातं. चालू गाडीत ऑइल प्रेशरचा लाल दिवा पेटला तर घर एक किलोमीटरवर असलं तरी इंजिन लगेच बंद करा.

ज्याला हात लावायचा नाही

पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईच्या प्रत्येक मोठ्या पावसात हा प्रसंग येतोच. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना त्याला अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडा, टोइंगने न्या. सेल्फ मारून इंजिनचं झालेलं नुकसान साध्या विम्यात सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच लागतं.

एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, हायब्रिडच्या नारिंगी केबल आणि सीएनजीची हाय प्रेशर लाइन प्रशिक्षण घेतल्याशिवाय खोलायची नाही. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, गाडीतला कुठलाही स्विच दाबू नका. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी होते. त्याच्या प्लेटवरची तारीख स्वतः वाचून घ्या.