बोटीचं इंजिन बदलताय? आधी टेप काढा, मग पैसे

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, तापोळा-बामणोलीकडे जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं) इंजिन दमलं की पहिला प्रश्न ठरलेला: नवं किती हॉर्सपॉवरचं घ्यायचं? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, आधी मोजा.

फळीच्या मध्यावर, जिथे इंजिन अडकतं त्या वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत टेप लावा. १५ इंचांच्या आसपास भरलं तर शॉर्ट शाफ्ट (शाफ्ट म्हणजे इंजिनाचा खाली पाण्यात जाणारा दांडा), २० ला लाँग, २५ ला एक्स्ट्रा लाँग. इंजिन बसल्यावर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, बोट जागची हलत नाही. लांब झाला तर पाण्याचा अडथळा वाढतो. शिवाय उन्हाळ्यात शिवसागर आटला की तोच पंखा आधी गाळात, मग खडकावर. इथे हे नुसतं कागदावरचं भय नाही.

मग वजन. जुनं टू-स्ट्रोक काढून तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक घेतलं, तर ४० हॉर्सपॉवरच्या गटात साधारण २०-२५ किलो जास्त भरतात, आणि तेही नेमके मागच्या टोकाला. विकत घेण्याआधी जुन्या इंजिनासकट तेवढ्या वजनाची वाळूची पोती फळीजवळ ठेवा, नेहमीइतकी माणसं बसवा आणि पाणी फळीच्या कडेपर्यंत किती येतं ते बघा. फळी कुजकी आहे का, तेही हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर इंजिनाची चर्चा थांबवा.

आता हॉर्सपॉवर. बोटीच्या क्षमता-पाटीवरचा आकडा ओलांडू नका. स्थानिक फायबर बोटींवर बहुधा पाटी नसते. तिथे बांधणाऱ्यालाच विचारावं.

कंपनी बदलली की रिमोट कंट्रोल, केबल, वायरिंग, पेट्रोलच्या नळीचं कनेक्टर हे सगळं बहुधा बदलतं. हा खर्च आधीच विचारून घ्या, नाहीतर स्वस्तातलं इंजिन महागात पडतं. फोर-स्ट्रोकला ऑइल मिसळलेलं पेट्रोल चालत नाही, म्हणून टाकी रिकामी करून धुवा.

पंखा जुनाच लावू, असं म्हणू नका. पूर्ण लोड घेऊन फुल्ल थ्रॉटलवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मोजा. तो इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात हवा. कमी भरला तर कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितकं अंतर पुढे जाईल ते) पंखा लावा. एक इंच पिच घटवल्यावर साधारण २०० आरपीएम वाढतात. शिवसागर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच, हवा विरळ, त्यामुळे ताकद थोडी कमीच मिळते. मुंबई-अलिबागच्या पाण्याला जुळलेला पंखा इथे जड पडू शकतो. ही चाचणी होईपर्यंत जुनं इंजिन विकू नका, आणि नोंदणीच्या कागदांत नव्याचा नंबर चढवून घ्या.