कॅल्कच्या शीटवर श्वेत बटू: क्वांटम गुरुत्वाची दुरुस्ती लावली की चंद्रशेखर मर्यादेचं काय होतं ते असं तपासा

श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, आणि चंद्रशेखर मर्यादा म्हणजे त्याचं जास्तीत जास्त वस्तुमान. तालुक्याच्या कॉलेजातला जुना लॅपटॉप आणि लिबरऑफिस कॅल्क एवढ्यावर हे काम होतं, नेटही लागत नाही. विदर्भातल्या गावात लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून ऑटोसेव्ह आधी लावा.

पाच रकाने करा: त्रिज्या, वस्तुमान, य, क्ष, घनता. क्ष म्हणजे इलेक्ट्रॉनांचा सर्वांत मोठा संवेग, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान गुणिले प्रकाशवेग या मापात. य म्हणजे (१ + क्ष^२) चं वर्गमूळ. कार्बन-ऑक्सिजनच्या बटूसाठी घनता = १.९५ × १०^९ × क्ष^३ किलो प्रति घनमीटर. मधला, म्हणजे ताऱ्याच्या केंद्रातला, क्ष निवडून सुरुवात करा आणि २ किलोमीटरची पायरी घ्या. दर ओळीला वस्तुमानात ४ × पाय × त्रिज्या^२ × घनता × पायरी मिळवा, आणि य मधून २.७१ × १०^−२४ × वस्तुमान ÷ त्रिज्या^२ × पायरी वजा करा. नव्या य वरून क्ष काढा. य १ च्या खाली गेला की तारा संपला.

पहिली ओळ शून्य त्रिज्येची ठेवली तर भागाकार फुटतो. ती २ किलोमीटरला ठेवा आणि तेवढ्या गोळ्याचं वस्तुमान हाताने भरा. सगळं मीटरमध्येच, पोरं किलोमीटर टाकतात आणि मग तारा संपतच नाही.

दुरुस्तीआधी शीट तपासून घ्या. मधला क्ष २ असेल तर ०.९ सूर्याएवढं वस्तुमान आणि सुमारे ६,५०० किलोमीटर त्रिज्या यायला हवी. १० ला सुमारे १.४ सूर्य आणि २,००० किलोमीटर. क्ष कितीही वाढवला तरी १.४६ ओलांडत नाही, हीच चंद्रशेखर मर्यादा.

आता दुरुस्ती. व्यापक अनिश्चितता तत्त्व म्हणजे हायझेनबर्गच्या अनिश्चितता तत्त्वाला क्वांटम गुरुत्वाने लावलेली दुरुस्ती, आणि अल्फा हा तिचा जोर. त्यानुसार मोठ्या संवेगाच्या इलेक्ट्रॉनांना बसायच्या जागा कमी होतात: प्रत्येक जागेला (१ + अल्फा × क्ष^२)^३ ने भागायचं. दाबाची वाढ म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या गुणिले ऊर्जेची वाढ, आणि ती संख्या दाब-गुरुत्वाच्या समीकरणात दोन्ही बाजूंनी कटते. त्यामुळे य चा रकाना जसाच्या तसा राहतो, फक्त घनता बदलते. स = क्ष × अल्फाचं वर्गमूळ धरा. क्ष^३ च्या जागी हे लिहा:

(३/८) × अल्फा^(−१.५) × [आर्कटॅन(स) + स × (स^२ − १) ÷ (१ + स^२)^२]

अल्फा ०.०१ आणि क्ष १० असताना घनता साध्या घनतेच्या २९ टक्के आली पाहिजे. स लहान होत गेला की कंसातली पदं एकमेकांना खातात आणि शेवटी आकडे कचरा होतात, म्हणून स ०.००१ हून लहान झाला की तिथे क्ष^३ × (१ − १.८ × स^२) वापरा.

अल्फाची खरी किंमत टाकायच्या फंदात पडू नका. प्लँक ऊर्जेच्या (क्वांटम गुरुत्व जिथे जाणवतं त्या प्रचंड ऊर्जेच्या) मापाने ती १०^−४५ च्या घरात आहे, आणि कॅल्क पंधरा-सोळा अंकांपलीकडे पाहत नाही. त्याला १ + १०^−४३ म्हणजे १ च. म्हणून ०.०१, ०.००१, ०.०००१ अशा फुगवलेल्या किमती घ्या आणि कल बघा.

मधला क्ष ५०, १०० नेला की वस्तुमान १.४६ च्या पार जातं आणि थांबत नाही. घनतेला १.९५ × १०^९ च्या (३ × पाय ÷ १६) × अल्फा^(−१.५) पट हे छत लागतं. दाबून भरलेल्या ट्रॉलीत आणखी कापूस मावत नाही, मग मोठी ट्रॉलीच आणावी लागते. तसा तारा वस्तुमानाबरोबर फुगत जातो.

हा निकाल खऱ्या ताऱ्यांवर लावण्याची घाई नको. कार्बनच्या बटूला क्ष २४ च्या आसपास, म्हणजे २.६ × १०^१३ किलो प्रति घनमीटर घनतेला, सामान्य सापेक्षता (आइनस्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत) कोसळवते. ऑक्सिजनची केंद्रकं तर १.९ × १०^१३ लाच इलेक्ट्रॉन गिळू लागतात. शीटमध्ये सापेक्षतेची समीकरणं घातली की मर्यादा परत येते.

दुसरी वाट ऋण अल्फाची, २०१८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ येन चिन ओंग यांनी मांडलेली. त्यात मर्यादा टिकते. पण वरचं सूत्र तिथे चालत नाही, कारण ऋण संख्येचं वर्गमूळ येतं. क्ष चे छोटे तुकडे करून बेरीज घ्या, आणि क्ष नेहमी १ ÷ (अल्फाच्या धन किमतीचं वर्गमूळ) याच्या खालीच ठेवा.