फ्लोरेन्सला येताय? मग या चुका टाळा

मी बोलोन्यात राहते. फ्लोरेन्स इथून वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत, त्यामुळे पुण्या-ठाण्याहून कोणी आलं की त्यांना शहर दाखवायला मीच जाते. दरवेळी त्याच चुका बघून जीव हळहळतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात महागात पडते ती कॅथीड्रलच्या घुमटावर चढायच्या तिकिटाची चूक. एका मे महिन्यात मावशी आणि काका आले होते. काकांनी तिकिटं ठाण्यातूनच काढलेली, वेळ सव्वाअकराची. मला दुसऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं होतं, म्हणून हे दोघं पुढे गेले. कॅथीड्रलच्या दर्शनी दाराशी लांबलचक रांग दिसली, तिच्यात जाऊन उभे राहिले. ती रांग कॅथीड्रलमध्ये विनातिकीट जाणाऱ्यांची. घुमटावर जायचं दार उत्तरेच्या बाजूला आहे, त्याला पोर्ता देल्ला मांदोर्ला म्हणतात. पाऊण तास उन्हात उभं राहिल्यावर दारावरच्या माणसाने तिकीट बघितलं आणि हाताने कोपऱ्याकडे खूण केली. दोघं धावत तिथे पोहोचेपर्यंत वेळ टळली होती. पुढच्या वेळांची तिकिटं संपलेली. वर जायची वाट घुमटाच्या दोन कवचांमधल्या अरुंद पोकळीतून जाते, त्यामुळे एका वेळी मोजकीच माणसं सोडतात.

पैसे गेले त्याचं काही नाही. पण काका सिव्हिल इंजिनीअर. खालून लाकडी आधार न उभारता स्थापत्यकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट कसा चढवला, हे ते कॉलेजपासून वाचत आलेले. माशाच्या काट्यासारखी तिरकी रचलेली ती वीट जवळून बघायची, एवढ्यासाठी ते इतक्या लांब आले होते. संध्याकाळभर ते चौकात बसून घुमटाकडे बघत राहिले. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना त्या दारापर्यंत चालवत नेते आणि दार दाखवून आणते. वेळ सकाळची पहिली घेते. मोठी बॅग बरोबर नको. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, आणि अर्ध्यातून मागे फिरणं जवळपास अशक्य. गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका. मागच्या बाजूला कॅथीड्रलचं संग्रहालय आहे, तिथे जा. शिल्पकार गिबेर्तीचे सोनेरी दरवाजे मूळ रूपात तिथे आहेत. कॅथीड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाला बाहेरून बसवलेले आहेत ते नकला.

सोमवारी उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही कलासंग्रहालयं बंद असतात. तिकिटाआधी वार बघा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. त्या दिवशी जाऊ नका, गर्दीत चित्रापर्यंत पोहोचताच येत नाही.

सान मार्को मठ सकाळीच गाठा. फ्रा अँजेलिकोने भिक्षूंच्या एकेका खोलीत एकेक चित्र काढलंय, ते जेवणानंतर बघू म्हणाल तर दार बंद मिळेल.

आता माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय: चर्चमधला अंधार. लोक सांता त्रिनितात शिरतात, काही दिसत नाही म्हणतात आणि दोन मिनिटांत बाहेर. अहो, तिथे दिव्याची पेटी असते! नाणं टाकलं की थोडा वेळ दिवे लागतात. मी खिशात सुटे युरो ठेवूनच घराबाहेर पडते. मुख्य वेदीच्या उजवीकडे सास्सेत्ती चॅपल आहे. फ्रांचेस्को सास्सेत्ती हा फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या बँकेचा व्यवस्थापक. गिर्लांदायोने हे चॅपल १४८५ च्या सुमारास रंगवून पूर्ण केलं. मधल्या चित्रात बाळ येशूमागची गव्हाण म्हणजे चक्क रोमन शवपेटी आहे. त्या चित्राच्या वरच्या भित्तिचित्रात खिडकीतून पडून मेलेलं पोर संत फ्रान्सिस जिवंत करतोय. ते घडतंय कुठे, तर ह्याच चर्चबाहेरच्या चौकात. डावीकडे स्पिनी घराण्याचा वाडा ओळखता येतो. दिवा विझला की दुसरं नाणं टाका, सगळे चेहरे बघा आणि मग बाहेर या. तोच वाडा समोर उभा असतो. इथे अर्धा तास दिलात तर उफिझीची दहा दालनं राहिली तरी चालतील. उफिझी एका फेरीत संपवायचा अट्टहास मला पटत नाही. ‘फ्लोरेन्स झालं’ म्हणून यादीवर खूण करणाऱ्यांना हे सांगून थकले.

अकादेमियात डेव्हिडकडे धाव घेताना वाटेतले कैदी सोडू नका. मायकेलअँजेलोने अर्धवट ठेवलेले हे पुतळे दगडातून अंग सोडवताना दिसतात, छिन्नीचे ओरखडे अजून ताजे वाटतात. त्यांतले चार पूर्वी बोबोली बागेतल्या बुओन्तालेन्तीच्या गुहेत कोपऱ्यांत बसवलेले होते. आता तिथे नकला आहेत. आधी अकादेमिया, मग गुहा, असा क्रम ठेवलात तर दोन्हींची गंमत वाढते.

बोबोलीला लोक भरदुपारी, नाजूक चपला घालून जातात. ती टेकडीवरची बाग आहे, खडी आणि चढ. मेदिची ड्यूकची पत्नी एलिओनोरा दि तोलेदो हिने बागेलगतचा पित्ती वाडा घेतल्यावर १५४९ मध्ये शिल्पकार ट्रिबोलोने बागेची आखणी सुरू केली. सकाळी दार उघडताच जा, पाणी बरोबर घ्या, आणि आधी चढ चढून मग सायप्रसच्या रांगेतून उतरत या.

आणि ज्यांना बागांचीच आवड आहे त्यांनी शहराबाहेर व्हिला दि कास्तेल्लोला जावं. तिथे ट्रिबोलोने १५३८ मध्ये, म्हणजे बोबोलीच्याही आधी, काम सुरू केलं होतं. लिंबूवर्गीय झाडांच्या शेकडो कुंड्या आहेत. त्यांत बिझारिया नावाचं झाड, ज्याच्या एकाच फळात कडू संत्रं आणि महाळुंग दोन्ही दिसतात. मात्र थंडीत जाऊ नका. कुंड्या तेव्हा आत, लिमोनायात म्हणजे लिंबाच्या झाडांसाठी बांधलेल्या इमारतीत नेऊन ठेवलेल्या असतात.