रुंद खांद्यांसाठी जॅकेट घेताना या चुका टाळा

जॅकेट खांद्यात अडकलं की दुकानात हमखास सल्ला मिळतो, "मॅडम, एक साइज मोठी घ्या." पोहणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या, जिममध्ये नेमाने वजनं उचलणाऱ्या बायकांची फसगत इथूनच सुरू होते. मोठी साइज सगळीकडून मोठी असते, खांद्यात मात्र किंचितच. तयार कपड्यांच्या बहुतेक मापतक्त्यांत पुढच्या साइजला छाती २ इंचांनी वाढते आणि खांदा जेमतेम पाव ते अर्ध्या इंचाने. समजा तुमची छाती ३६ आणि खांदा १६ इंच आहे. ३६ छातीच्या जॅकेटला खांदा साधारण साडेचौदा मिळतो. तो १६ पर्यंत न्यायचा तर निदान तीन साइज वर जावं लागतं, आणि तोवर छाती ४२ ला पोचलेली असते. खांदा बसतो, खाली सगळा झोळ.

एक-दोन साइज वर जाणं चालतं, कारण कंबर आत घेता येते. प्रिन्सेस कटच्या, म्हणजे पुढे-मागे उभ्या लांब शिवणी असलेल्या जॅकेटमध्ये जास्तीचे ४ इंच सहा-सात शिवणींत वाटून घेता येतात. तेच ४ इंच बाजूच्या दोनच शिवणींत दाबले तर खिसे मागे सरकतात आणि समोरचा भाग वाकडा पडतो. त्यापुढे मात्र साइज वाढवत बसू नका, कापणीच वेगळी शोधा. एक गोष्ट पक्की धरा: कंबर, लांबी, बाहीची लांबी टेलरकडे सुधारते, खांदा वाढत नाही. तयार जॅकेटच्या खांद्यात आणि मुंड्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, आत दाबलेलं कापड, म्हणजे माया, सेंटीमीटरभरच असते. वाढवायला तिथे काही नसतंच.

दोष खांद्याचाच, असं धरून चालणं

"खांद्यात तंग होतं" ही तक्रार पुष्कळदा खांद्याची नसतेच. पाठ अरुंद असते, दंडात बाही कमी पडते किंवा मुंडा फार खाली असतो. सुरकुत्या कुठे पडतात यावरून दोष ओळखता येतो, पण आरशात मान वळवून पाहू नका. मान वळली की पाठ वळते आणि सुरकुत्या बदलतात. सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा, वरचं बटण लावा आणि सोबतच्या व्यक्तीकडून पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या.

दोन्ही पाखांच्या, म्हणजे पाठीवरच्या पसरट हाडांच्या मध्ये आडव्या ताणलेल्या रेषा दिसल्या तर पाठ कमी आहे. लॅट्स, म्हणजे पाठीचे रुंद स्नायू कमावलेल्या बायकांना हे फार होतं. मधल्या शिवणीत आत माया असेल तर अर्धा-पाऊण इंच सुटतो. अस्तर बाजूला करून बघू द्या, असं दुकानात सांगायला संकोच नको.

खांद्याची शिवण हाडाच्या आत, गळ्याकडे चढली आहे आणि बाहीचा वरचा भाग गोळ्यासारखा फुगला आहे, म्हणजे खांदा खरोखर कमी आहे. हे जॅकेट सोडून द्या. उलट शिवण बाहेर लोंबते आहे आणि तिच्या खाली बाहीत खळगा पडतो आहे, तर खांदा जास्त आहे. बाजूला अर्ध्या इंचापर्यंत तो आत घेता येतो, पण बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. काम महाग असतं आणि सूट शिवणाऱ्यालाच जमतं.

कॉलरच्या अगदी खाली, मानेमागे आडवी वळी उभी राहत असेल तर तुमचे खांदे चौकोनी आहेत. जॅकेटचा उतार जास्त, तुमचा कमी. खांद्याची टोकं जॅकेटला वर ढकलतात आणि उरलेलं कापड मानेखाली गोळा होतं. यावर इलाज आहे: कॉलर उसवून पाठीच्या वरच्या कडेचं पाव ते अर्धा इंच कापड काढायचं आणि कॉलर पुन्हा बसवायची.

याच्या बरोबर उलटा प्रकार ट्रॅप्सचा. डेडलिफ्ट आणि श्रग्ज करून मानेजवळचे स्नायू भरले की खांदा रुंद असूनही उतरता दिसतो. मग गळ्यापासून बगलेकडे तिरक्या चुण्या येतात आणि कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. इथे खांद्याच्या टोकाला थोडं जाड पॅड लागतं. चौकोनी आणि उतरत्या खांद्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून "रुंद खांदे आहेत" एवढंच टेलरला सांगून भागत नाही.

ब्लाउजचं माप देणं

ठाण्याच्या नौपाड्यापासून नवी मुंबईतल्या नेरुळपर्यंत ब्लाउज उत्तम शिवणाऱ्या लेडीज टेलरची कमतरता नाही. बऱ्याच जणी ओळखीच्या टेलरकडेच जॅकेट टाकतात आणि तो वहीत असलेलं ब्लाउजचं माप काढतो. ब्लाउज अंगाला चिकटून, ताणावर टिकतो. खांदा उतरू नये म्हणून तो मुद्दाम थोडा आत घेतलेला असतो. जॅकेटचा सगळा भार मात्र खांद्यावर लोंबतो आणि खाली त्याला हालचालीपुरती सूट, म्हणजे अंगापेक्षा थोडं जास्तीचं माप लागतं. म्हणून माप नव्याने घ्यायचं, आणि तेही जॅकेटच्या आत जो शर्ट किंवा कुर्ती घालणार तीच अंगात ठेवून.

मानेच्या तळाशी जे हाड हाताला लागतं, त्यावरून टेप नेऊन एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत खांदा मोजा. जॅकेटचा खांदा याहून पाव ते अर्धा इंच जास्त हवा. मग त्या मानेच्या हाडाखाली ४ ते ५ इंचांवर, बगलेच्या एका घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत पाठ मोजा. हात किंचित पुढे ठेवा, लॅपटॉपवर असतात तसे. यात १ इंच मिळवा. दंड सर्वांत जाड जागी मोजा आणि न ताणणाऱ्या कापडासाठी २ ते अडीच इंच सूट धरा. छातीची मापं दोन घ्या: एक बगलेखालून वरची, एक पूर्ण. पूर्ण छातीवर ३ ते ४ इंच सूट अस्तराच्या जॅकेटला पुरते. वरची आणि पूर्ण छाती जवळजवळ सारखीच आली तर तुमची रुंदी पाठीची आहे. टेलरला हे आवर्जून सांगा, नाहीतर तो वाढीव कापड समोर टाकतो आणि पाठ तंगच राहते.

व्यायाम करून आल्या आल्या माप देऊ नका. त्या वेळी दंड आणि खांदे फुगलेले असतात. सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घेतलेलं माप खरं.

मुंडा खाली कापून घेणं

सर्वांत जास्त जॅकेटं या चुकीने वाया जातात. हात उचलला की बगलेत काचतं, म्हणून आपण सांगतो, "मुंडा जरा मोठा करा." टेलर मुंडा खाली अर्धा-पाऊण इंच कापतो. काच थांबतो, पण हात वर केला की अख्खं जॅकेट वर येतं, कंबर उघडी पडते आणि पाठीत ताण बसतो.

कारण साधं आहे. बाही अंगाला जिथे जोडलेली असते, तिथूनच ती वर उचलली जाते. जोड बगलेच्या जवळ असला तर हातासोबत फक्त बाही हलते. जोड खाली बरगड्यांवर गेला तर हात उचलताना बाजूचं सगळं कापड ओढलं जातं. उंच आणि नेमका मुंडा हालचालीला मोकळा असतो, खोल मुंडा अडवतो. ऐकायला उलटं वाटतं, पण दोन जॅकेटं घालून ट्रान्स हार्बर लोकलच्या कडीला हात लावून पाहा, लगेच कळेल.

खरा काच बहुतेकदा मुंड्याच्या पुढच्या वळणावर असतो, जिथे खांद्याचा स्नायू पुढे येतो. तिथे पाव इंच कोरून घेतलं तरी पुरतं. टेलरला सांगायचं वाक्य असं: "काका, मुंडा खाली कापू नका, फक्त पुढून पाव इंच कोरा, आणि बाही दंडात सोडा." बाहीत माया नसेल तर बगलेत त्याच कापडाचा लहान चौकोनी तुकडा घालता येतो. जुन्या अंगरख्याला असायचा तोच चौबगला. हात खाली असताना तो दिसत नाही आणि उचलताना चांगली मोकळीक देतो.

पॅड उपटून टाकणं

"खांदे आधीच रुंद, त्यात पॅड कशाला?" म्हणून घरीच अस्तर उसवून पॅड काढलं जातं. जॅकेटचा खांदा पॅडची जाडी धरून कापलेला असतो. पॅड निघालं की उतरत्या खांद्यावर ती जागा पोकळ राहते आणि शिवण खाली लोंबते. चौकोनी खांद्यांना मात्र याचा फायदा होतो, कारण अर्ध्या इंचाचं पॅड निघालं की तेवढी जागा मोकळी होते. तिथेही पूर्ण काढण्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटरचं पातळ पॅड बदलून घेणं चांगलं. बाहीच्या डोक्याखाली एक मऊ पट्टी असते, ती काढू देऊ नका. बाहीची गोलाई तिच्यावरच उभी असते.

ताणणारं कापड, न ताणणारं अस्तर

लेबलवर २ ते ३ टक्के इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा दिसला की आपण निर्धास्त होतो. आत साधं पॉलिस्टरचं अस्तर असेल तर त्या ताणाचा उपयोग शून्य, कारण जॅकेट अस्तराएवढंच ताणलं जातं. पाखांजवळ कापड आणि अस्तर दोन्ही एकत्र चिमटीत धरून आडवं ओढून बघा. अस्तराच्या पाठीत मधोमध उभी चुण आहे का तेही पाहा. ती मोकळीक देण्यासाठीच असते. काही स्वस्त जॅकेटांत ती नसते, मग रुंद पाठीवर अस्तर मुंड्याजवळ काही महिन्यांतच उसवतं.

आपल्याकडच्या दमट हवेत अर्धं अस्तर जास्त सोयीचं. ऐरोली-महाप्याच्या ऑफिसात एसीचा गारठा असतो, पण तिथवर पोचताना घाम निघतोच. पाँते म्हणजे जाड विणीचं जॅकेट भरलेल्या खांद्यांवर सहज बसतं. लिनन दिसतं छान, पण ते जराही सोडत नाही, म्हणून त्यात सूट जास्त ठेवा.

ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहणं

बटण लावून स्वतःला मिठी मारा. पाठीत कड्‌कन ताण बसला तर नको. बसून टाइप करायची कृती करा, स्कूटीच्या हँडलवर ठेवतात तसे हात पुढे करा, एक हात लोकलची कडी धरल्यासारखा वर न्या. कंबरेची कड दीड-दोन इंच वर येणं ठीक, त्याहून जास्त नको. ऑनलाइन मागवताना दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, ते आधी बघा. मग तुमचा नीट बसणारा एखादा शर्ट पलंगावर पसरून त्याचा खांदा मोजा आणि जुळवा. ही सगळी परीक्षा होईपर्यंत टॅग तोडू नका.

फक्त लेडीज विभागात शोधणं

ठाण्याचा राम मारुती रोड असो, वाशीचं सेक्टर १७ असो की सीवूड्सचा मॉल, एक फेरी पुरुषांच्या विभागातही मारा. तिथे खांदा आणि पाठ मिळते, कंबर आत घ्यावी लागते, बाही बहुतेक वेळा लांब असते. कफची काजं खरी कापलेली नसतील तर बाही खालून सहज कमी होते. अडचण येते ती छाती आणि नितंबांत, कारण पुरुषी जॅकेटला छातीसाठी टक्स नसतात. मागे दोन चिरा असलेलं जॅकेट नितंबांवर जास्त बरं बसतं. बटणं उलट्या बाजूला येतील, त्याचं मनावर घेऊ नका.

रॅग्लन बाहीला खांद्याची शिवणच नसते, ती गळ्यापासून तिरकी निघते, त्यामुळे बॉम्बर आणि पावसाळी जॅकेटांत ती आधी बघा. डेनिममध्ये पाठीवरची आडवी शिवण किती रुंद आहे ते पाहा. मुंड्यामागे उभी घडी असेल तर फारच उत्तम.

थेट चांगल्या कापडावर कात्री

शिवून घ्यायचं तर सूट-शेरवानी शिवणाऱ्याकडे जा. ५८ इंच पन्ह्याचं दोन मीटर कापड बहुतेकींना पुरतं. त्याआधी मांजरपाटात कच्चं जॅकेट करायला सांगा, एकच बाही लावलेलं चालेल. त्याचे थोडे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्या. पाठ, मुंडा आणि दंड इथेच पक्के होतात. खऱ्या कापडाची ट्रायल कच्च्या टाक्यांवर घ्या, अस्तर आणि काजं होण्याआधी. काजं झाल्यावर समोरचं काहीच हलवता येत नाही. बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत १ इंच माया ठेवायला सांगा, कारण वर्षभराच्या सरावाने पाठ बदलते.

घरी आल्यावर ते तारेच्या अरुंद हँगरला अडकवू नका. हँगरची टोकं बाहीच्या शिवणीच्या आत रुतली की तिथे उंचवटे येतात आणि मग इस्त्रीनेही सहज जात नाहीत. १६-१७ इंचांचा, टोकांना जाड असलेला लाकडी हँगर घ्या. पावसाळ्यात कपाटात कोंबून ठेवण्याआधी रात्रभर पंख्याखाली वाळू द्या, नाहीतर पॅडमधला ओलावा आतच राहतो.